थॅरिक चर्चा मेळावा

भांडण हेल्मेटवरून झालं. सांगलीत असं म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, कुठल्या तरी चौकात ट्रॅफिक हवालदारानं कुणाची गाडी अडवली असणार. उदयसिंह जगदाळे यांचं भांडण ज्या हेल्मेटवरून झालं ते मात्र पृथ्वीवरचं नव्हतं, आणि ते घालणारा गृहस्थ दुचाकीवर बसल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं.

त्या गृहस्थाचं नाव थॅरिक. ‘सातवी कक्षा’ नावाच्या अंतराळातल्या मालिकेत तो अंगठ्यापासून डोक्यापर्यंत चिलखत चढवून या ग्रहावरून त्या ग्रहावर हिंडतो, ज्यांच्यावर इनाम लागलंय असे फरारी हुडकतो आणि जिवंत आणून ज्याच्या त्याच्या हवाली करतो. बोलणं कमी. डाव्या पायानं किंचित लंगडतो. चेहरा प्रेक्षकांना आजवर दिसलेला नाही. पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक असलेल्या, पंचेचाळिशी गाठलेल्या, थोडं पोट सुटलेल्या उदयसिंहांना हा माणूस इतका का आवडावा, याचं उत्तर त्यांच्या बायकोला, क्रांतीला, तीन वर्षांत सापडलं नव्हतं. कॉलनीत तर बऱ्याच जणांची समजूत अशी होती की, जगदाळे साहेब संध्याकाळी कुणाच्या तरी सातवीतल्या मुलाचा अभ्यास घेतात.

उदयसिंहांनी ‘थॅरिक मंडळ, सातारा-सांगली’ असा मोबाइलवर ग्रुप काढला होता. तीसेक सभासद. त्यातले पंचवीस सकाळी फुलांची चित्रं टाकण्यापुरते. खरी चर्चा दोघांतच चालायची, सांगलीचे उदयसिंह आणि साताऱ्याचे ऋषिराज भोईटे. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, फोनवर आवाजही ऐकला नव्हता. पण रोज आंघोळीच्या आधी आणि ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ते एकमेकांना लिहायचे. थॅरिक जेवतो कधी, त्याच्या चिलखताला गंज का चढत नाही, तो मराठीत बोलला असता तर सातारी बोलला असता की सांगलीकडचं, असे प्रश्न दोघांनी मिळून सोडवले होते. घरात आणि ऑफिसात मिळून उदयसिंहांचं एवढं बोलणं कुणी ऐकून घेत नव्हतं.

तिसऱ्या पर्वाच्या शेवटच्या भागानं घात केला. थॅरिकनं एका जुन्या वैऱ्याला पकडलंय, यान फुटलंय, हवा एकालाच पुरेल एवढी. थॅरिक पाठमोरा बसतो, डोक्यावरचं हेल्मेट काढतो आणि बेशुद्ध कैद्याच्या डोक्यावर चढवतो. अंधार. पुढच्या दृश्यात यान जमिनीवर उतरलेलं, आणि दारातून चिलखत घातलेला एक माणूस बाहेर येतो. एकटाच. कोण? थॅरिक की कैदी?

उदयसिंहांचं म्हणणं, थॅरिक गेला. दिलेल्या शब्दासाठी त्यानं जीव दिला आणि चौथ्या पर्वात जो वावरतोय तो तोतया आहे. ऋषिराजांचं म्हणणं, प्रेत कुठंय? प्रेत मिळाल्याशिवाय माणूस मयत धरता येत नाही. बेपत्ता असेल तर सात वर्षं थांबावं लागतं, आणि पर्व अजून चौथंच चालू आहे.

हे कायदेशीर बोलणं उदयसिंहांना झोंबलं. त्यांनी लिहिलं की, दुसऱ्यासाठी जीव देणं म्हणजे काय हे कळायला घरात कुणीतरी फौजेत असावं लागतं. जगदाळ्यांच्या घरात आजोबा, वडील, थोरला भाऊ असे तिघे फौजेत होते, आणि हे ग्रुपला त्यांनी पूर्वी बऱ्याचदा सांगितलेलं होतं. ऋषिराजांचं उत्तर लगेच आलं. ‘घरातले कुठं होते ते माहीत आहे. तुम्ही कुठं होता?’ आणि त्याखाली बारीक अक्षरात, ऋषिराज ग्रुप सोडून गेल्याची सूचना.

उदयसिंह कुठं होते? एकोणिसाव्या वर्षी भरतीच्या मैदानावर उघडे उभे होते, आणि छाती अर्धा इंच कमी भरली होती. हे ग्रुपला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

चार-सहा दिवस गेले. सकाळी मोबाइल उघडला की नुसती फुलं. उदयसिंह आंघोळीला वेळेवर जाऊ लागले, त्यामुळे क्रांतीला वाटलं, यांना बरं नाही. माफी मागावी असं त्यांच्या मनात येऊन गेलं, पण माफी मागायची तर चूक झाली असं म्हणावं लागतं, आणि थॅरिक मेला याबद्दल त्यांची खात्री होती. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. ऋषिराजांना स्वतंत्र लिहिलं की, हा वाद लिहून मिटणारा नाही, सगळ्या सभासदांनी समोरासमोर बसून सोक्षमोक्ष लावावा, येत्या रविवारी सांगलीला यावं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ‘येतो. पण निकाल लागला पाहिजे.’

क्रांती शाळेत शिकवते, त्यामुळे तिला किती माणसं येतो म्हणतात आणि किती येतात याचा अंदाज असतो. ती म्हणाली, पाच-सहा जण येतील, घरात बसा, पोहे करते. हे ऐकलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण उदयसिंहांना वाटलं, थॅरिकच्या मरणाची चर्चा आणि समोर पोह्यांच्या बशा, हे शोभत नाही. ते कॉलनीच्या समाजमंदिराची किल्ली मागायला अध्यक्षांकडे गेले.

अध्यक्ष इंद्रजितकाका घाटगे यांनी निवृत्त झाल्यापासून कॉलनीतला एकही कार्यक्रम आपल्या सल्ल्याशिवाय होऊ दिला नव्हता. दोन बारशी आणि एक साखरपुडा त्यांच्या सल्ल्यामुळे लांबणीवर पडले होते. त्यांनी पहिला प्रश्न केला, जयंती की पुण्यतिथी? उदयसिंहांनी सांगितलं, तेच ठरवायचंय. काका म्हणाले, ते तुमचं तुम्ही ठरवा, पण प्रतिमापूजनाशिवाय समाजमंदिरात कार्यक्रम होत नाही. उदयसिंहांनी मोबाइलवरचं थॅरिकचं चित्र दाखवलं. काकांनी ते लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं.

“ह्यात तोंड दिसत नाही. तोंड असलेला फोटो नाही का यांचा?”

“नाही. कुणाकडंच नाही.”

“आधार कार्डावरचा तरी बघा की.”

शेवटी हेल्मेटचाच फोटो फ्रेम करून आणायचं ठरलं. मग काका म्हणाले, बाहेरगावची माणसं येणार म्हणजे पोलिसांच्या कानावर घातलेलं बरं.

हद्दीतल्या पोलीस ठाण्यातले हवालदार सज्जन होते. त्यांनी बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि विचारलं की, ज्यांच्यावर मेळावा आहे ते गृहस्थ काय करतात. उदयसिंहांनी थॅरिकच्या व्यवसायाला मराठीत काय म्हणावं याचा कधी विचार केलेला नव्हता. ते म्हणाले, पैसे घेऊन माणसं पकडून देतात. हवालदारांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणजे सुपारी घेतात? उदयसिंह म्हणाले, सुपारी म्हणता येईल, पण शक्यतो जिवंत पकडतात. शक्यतो म्हणजे काय, याचा खुलासा हवालदारांनी मागितला. मग सध्या मुक्काम कुठं, कुठल्या जिल्ह्यातनं तडीपार आहेत का, आणि रविवारी स्वतः हजर राहणार आहेत का, हेही विचारून घेतलं. उदयसिंह म्हणाले, ते हयात नाहीत. आणि मग त्यांच्यातला प्रामाणिक माणूस जागा झाला व त्यांनी पुस्ती जोडली की, काही जणांच्या मते आहेत.

यातून बाहेर पडायला बराच वेळ लागला. सगळं टीव्हीवरचं आहे हे कळल्यावर हवालदार हसले नाहीत, हे उदयसिंहांना जास्त लागलं. त्यांनी नुसतं ‘असू दे, असू दे’ म्हटलं, घरी आजारी माणूस असलेल्याला म्हणतात तसं.

इकडं इंद्रजितकाका स्वस्थ बसलेले नव्हते. फ्लेक्सशिवाय कार्यक्रम म्हणजे काय, असं म्हणून त्यांनी फ्लेक्सवाल्याला परस्पर फोन लावला. मजकूर उदयसिंहांनीच दिला होता. ‘थॅरिक चर्चा मेळावा. वर्षानुवर्षांचा वाद समोरासमोर बसून कायमचा मिटवू.’ तिकडं मशीन चालू होतं, इकडं काकांची कवळी नवी होती. शुक्रवारी ऑफिसातून येताना उदयसिंहांनी स्टँडजवळच्या चौकात मान वर केली तर वीस फुटी फ्लेक्सवर लिहिलं होतं, ‘भव्य तारीख चर्चा मेळावा. वर्षानुवर्षांचे वाद समोरासमोर बसून कायमचे मिटवा. प्रवेश विनामूल्य.’ खाली समाजमंदिराचा पत्ता, संयोजक म्हणून उदयसिंह जगदाळे, आणि मधोमध थॅरिकचं हेल्मेट. त्याही खाली एक ओळ होती, जी पूर्वीच्या कुठल्याशा शिबिराच्या फ्लेक्समधून पुसायची राहून गेली होती. ‘येताना मूळ कागदपत्रे सोबत आणावीत.’

उदयसिंह धावत काकांकडे गेले. काकांनी शांतपणे सांगितलं की, रविवार परवावर आला, आता नवा फ्लेक्स होत नाही, आणि आजकाल फ्लेक्स वाचतो कोण.

पहिल्यांदा कॉलनीनं वाचला. शनिवारी सकाळी शेजारचे दोघे-तिघे येऊन बसले. कसली तारीख आहे, वकील कोण दिलाय, असं हळूच विचारून झालं. एकांनी सांगितलं की आमच्या मेहुण्यावरही असाच प्रसंग आला होता, आता तो आयुर्वेदिक औषधं विकतो, चांगलं चाललंय. लोणंदहून क्रांतीच्या भावाचा फोन आला. त्यानं दाजींना काही विचारलं नाही, बहिणीलाच म्हणाला की, काही दिवस मुलांना इकडं पाठवायचं असेल तर पाठव. ऑफिसातल्या साहेबांनी निरोप धाडला की, सोमवारी आल्यावर भेटा. उदयसिंहांनी प्रत्येकाला थॅरिक समजावून सांगितला. प्रत्येकानं मान डोलावली, आणि जाताना क्रांतीकडं पाहून ‘जपा’ म्हटलं.

मग तो फ्लेक्स कुणीतरी मोबाइलवर टिपला, आणि तो कवठे महांकाळला गेला, आणि तिथून जतला गेला.

रविवारी सकाळी उदयसिंह नारळ आणि हार घेऊन समाजमंदिराकडे निघाले. वळणावर आले तर समोर जीपगाड्या उभ्या. पायऱ्यांवर, कट्ट्यावर, कडुनिंबाखाली माणसंच माणसं. पटके, टोप्या, धोतरं, नऊवारी लुगडी. आणि प्रत्येकाच्या काखेत किंवा मांडीवर एक कापडी पिशवी, कागदांनी फुगलेली. कुणी बांधाच्या वादाचा, कुणी विहिरीच्या वाटणीचा, कुणी वाटेच्या हक्काचा. गंमत अशी की वादी आणि प्रतिवादी बहुतेक एकाच जीपमधून आले होते, कारण त्यांच्या गावाहून तेवढी एकच जीप सुटायची. वाटेत त्यांनी भाकरीही एकत्र खाल्ली होती.

मंडळाचे सभासद आले चार. त्यातला कवठे महांकाळचा सूरज मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. तो हौसेनं थॅरिकचं चिलखत घालून आला होता, जुन्या मोटरसायकलचे पत्रे ठोकून केलेलं. त्याला पाहताच लोक बाजूला झाले. बंदोबस्ताला माणूस ठेवलाय म्हणजे मेळावा खरा आहे, अशी सगळ्यांची खात्री पटली आणि आपोआप रांग लागली. सूरज स्वभावानं भिडस्त. कुणीतरी विचारलं, माझा नंबर कितवा, तर त्यानं मोजून सांगितला. मग सगळेच विचारू लागले.

इंद्रजितकाकांचा चेहरा फुलला होता. समाजमंदिर बांधल्यापासून एवढी गर्दी झालेली नव्हती. उदयसिंह त्यांना सांगत होते की लोकांना खरं सांगून परत पाठवू या. काका म्हणाले, आधी प्रतिमापूजन होऊ द्या.

एवढ्यात गेटाशी एक किडकिडीत, चष्मा लावलेला गृहस्थ येऊन उभा राहिला. हातात प्रवासाची छोटी पिशवी. गेटावर लावलेला तोच फ्लेक्स तो वाचत होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मग पुन्हा वाचला. एका म्हाताऱ्यानं, माणूस शिकलेला दिसतोय म्हणून, आपला कागद त्याच्यापुढं धरला. गृहस्थानं सवयीनं चष्मा वर केला, कागद उलटून मागचं पाहिलं आणि म्हणाला, “तुमची पुढची तारीख पडलेली आहे की बाबा. जूनची. इथं कशाला आलाय?”

हे शब्द ज्यांनी ऐकले ते त्याच्याकडं वळले, आणि ज्यांनी ऐकले नाहीत ते वळणाऱ्यांना पाहून वळले. पाहता पाहता त्याच्याभोवती पिशव्यांचं कडं झालं. उदयसिंह वाट काढत आत शिरले.

“मी जगदाळे,” ते म्हणाले.

गृहस्थानं त्यांना नीट पाहून घेतलं. “मी भोईटे. साताऱ्याकडं कोर्टात बेंच क्लार्क आहे. हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. मला माहीतच नव्हतं.”

“आठवडाभर मी लोकांना तारखा देतो, जगदाळे साहेब. रविवारी पहाटेची एसटी धरून मी इथं आलो ते थॅरिकसाठी. अशी चेष्टा करायला नको होती.”

उदयसिंहांनी चेष्टा नाही म्हणून सांगायचा प्रयत्न केला. कवळी, मशीन, जुन्या शिबिराची ओळ. खरं कारण इतकं हास्यास्पद होतं की सांगता सांगता त्यांनाच ते खोटं वाटू लागलं. ऋषिराज वळले आणि गेटाकडे निघाले. पण गेटात एक म्हातारी मांडी घालून बसली होती, समोर गाठोडं. तिला ओलांडल्याशिवाय बाहेर पडता येत नव्हतं, आणि कोर्टात एवढी वर्षं काढलेल्या ऋषिराजांना कुणाला ओलांडून जायची सवय नव्हती.

ती हरणाबाई. जतच्या पार पूर्वेकडची, कर्नाटकाला लागून असलेल्या गावची. तिचं मेंढरं चारायच्या पट्टीवरनं दिराशी भांडण चाललेलं, आणि दीर धुळा तिच्याच जीपमधून आलेला, मागं कडुनिंबाखाली बसलेला.

“आवं साहेब,” ती म्हणाली, “न्याय नसंल तर नसू द्या. कोर्टात बसाय बाकडं बी गावत न्हाई. हितं पंखा हाय. जीप सुटंस्तवर बसू द्या की जरा.”

ऋषिराज थांबले, ते थॅरिकसाठी नव्हे आणि उदयसिंहांसाठी तर नव्हेच. सगळे आत गेले. हेल्मेटच्या फोटोला हार घातला, नारळ फुटला, लोकांनी हात जोडले. हे कुठल्या गावचं देवस्थान, असं एकानं शेजाऱ्याला विचारलं. शेजारी म्हणाला, तिकडं वरचं हाय.

मग उदयसिंह उभे राहिले. त्यांनी लोकांना सांगितलं की इथं कुणाचा खटला निघणार नाही, चूक झाली, आम्ही एका वेगळ्याच वादासाठी जमलोय. लोक उठले नाहीत. वाद आहे म्हटल्यावर त्यांनी मांडी बदलून घेतली. तेव्हा उदयसिंहांनी तो वाद सांगितला, फुटलेलं यान, एकाला पुरेल एवढी हवा, एक हेल्मेट, दोन माणसं, आणि बाहेर आलेला एकच. ते सांगत गेले तसतसं समाजमंदिर शांत होत गेलं. तीन वर्षांत उदयसिंहांचं बोलणं कुणी असं ऐकलं नव्हतं.

ऋषिराजांना उत्तर देणं भाग पडलं. त्यांनी उभं राहून प्रेताचा मुद्दा मांडला, सात वर्षांचा मांडला, आणि ओळख पटवणारा साक्षीदार कोण, असं विचारलं. झालं. हे सगळं त्या लोकांच्या रोजच्या जगण्यातलं होतं. एकजण उठून म्हणाला, तोतयाच असणार, आमच्या चुलत्याच्या जागी दुसराच उभा करून खरेदी करून घेतली होती, अंगठा सुदीक दिला. दुसऱ्यानं विचारलं, मयताला वारस किती. तिसऱ्याला चिलखत कुणाच्या नावावर आहे ते हवं होतं. हरणाबाई म्हणाली, त्योच हाय, जित्ता हाय. ते ऐकताच मागून धुळा उठला आणि म्हणाला, तोतया हाय, लिहून देतो. तोवर त्याचं लक्ष पंख्याकडं होतं.

अर्ध्या तासात समाजमंदिराचे दोन तट पडले. जीपमध्ये एकत्र भाकरी खाल्लेले लोक जुन्या भांडणांच्या रेषेवर बरोबर अलीकडं-पलीकडं झाले. सूरजला हेल्मेट काढून दाखव म्हणाले, त्यानं काढलं, तर एक बाजू म्हणाली, बघा, हा तो नव्हंच. आवाज चढले. इंद्रजितकाका माइकवरून शांततेचं आवाहन करत होते, तेवढ्यात वीज गेली. माइक बंद, पंखे बंद. पंखे थांबल्यावर मात्र न्यायाची आशा कुणी धरली नाही. जीपवाल्यांनी हॉर्न दिले आणि थोड्या वेळात पायऱ्यांवर नारळाची शेंडी तेवढी उरली. फ्लेक्समधलं आपलं नाव काळं फासून झाकता येईल का, याचा उदयसिंह विचार करत उभे होते.

जतकडची जीप गेली तेव्हा हरणाबाई क्रांतीकडे पाणी प्यायला गेली होती. धुळानं जीप थांबवली नाही, की त्याच्या लक्षात आलं नाही, हे सांगता येत नाही. आता जतची एसटी दुपारीच होती. क्रांतीनं म्हातारीला घरी बसवलं, आणि गेटाशी पिशवी उचलून निघालेल्या ऋषिराजांना म्हणाली, “भाऊजी, उपाशी गेलात तर मला चालणार नाही. यांचं तुमचं काय असेल ते जेवल्यावर बघा.”

जेवण वांग्याची भाजी, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. दोघे पुरुष समोरासमोर बसले आणि शब्द न बोलता जेवले. हरणाबाई मेंढरांचं, पावसाचं, सुनेच्या माहेरचं बोलत होती, म्हणून ती शांतता फार जाणवली नाही. तोवर वीज आली. जेवण झाल्यावर काहीतरी करायला हवं म्हणून उदयसिंहांनी टीव्ही लावला आणि तोच शेवटचा भाग काढला. ऋषिराज कोचाच्या एका टोकाला बसले, उदयसिंह दुसऱ्या. मध्ये हरणाबाई, पाय वर घेऊन, गाठोडं मांडीवर. थॅरिक अजून यानात चढलाही नव्हता, तेव्हाच तिला झोप लागली. पहाटे जीपमध्ये बसलेली बाई.

क्रांतीनं दारातून खूण केली. उदयसिंहांनी आवाज बंद केला.

पडद्यावर दार उघडलं, चिलखतातला माणूस बाहेर आला. उदयसिंह म्हातारीच्या मागून पुढं वाकले आणि कुजबुजले, “चाल बघा. लंगडत नाही.”

ऋषिराजही वाकले. “पाचव्या भागात गुडघ्याचा पत्रा बदललाय त्यानं,” तेही कुजबुजले.

“पत्रा बदलला म्हणून पाय नीट होतो का?”

“दुखणं पायात होतं का पत्र्यात, हे कुठं दाखवलंय?”

उदयसिंहांकडे याचं जोरदार उत्तर होतं. ग्रुपवर त्यांनी ते मोठ्या अक्षरांत आणि तीन उद्गारचिन्हांसह लिहिलं असतं. पण जोरदार उत्तर कुजबुजून देता येत नाही. ते तोंडातून निघेपर्यंत नुसती शंका होऊन बाहेर पडलं. ऋषिराजांनी त्यावर विचार केला आणि हळूच म्हणाले, हे मी विचारात धरलं नव्हतं. उदयसिंहांनी दृश्य मागं नेलं. मग पुन्हा मागं नेलं. ऐकू यावं म्हणून दोघे आणखी जवळ सरकले, म्हातारीच्या डोक्यावर दोघांची डोकी जवळजवळ टेकली.

थोड्या वेळानं पडद्याकडंच पाहत उदयसिंह म्हणाले, “छाती कमी भरली होती माझी. भरतीला. अर्धा इंच.”

पडद्यावर थॅरिकनं पाठमोरं बसून हेल्मेट काढलं.

“माझं वजन,” ऋषिराज कुजबुजले. “दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी सहा केळी खाऊन गेलो होतो. पळताना ओकलो.”

उदयसिंहांना हसू आलं आणि ते दाबताना कोच हलला. हरणाबाई जागी झाली, इकडं तिकडं पाहिलं आणि म्हणाली, “यस्टी गेली का काय?”

गेली नव्हती. दोघे तिला स्टँडवर घेऊन गेले. जतच्या गाडीला ही गर्दी. ऋषिराजांनी खिडकीतून रुमाल टाकून तिच्यासाठी जागा धरली, उदयसिंहांनी गाठोडं आत दिलं. म्हातारी खिडकीशी बसली, पदर सारखा केला. तिनं दोघांना पोरांची नावं विचारली, सुखी ऱ्हावा म्हणाली आणि गाडी हलल्यावर त्यांना विसरून शेजारणीशी कानडीत बोलू लागली.

साताऱ्याची गाडी फलाटाला लागलीच होती. आता कुणी झोपलेलं नव्हतं, आजूबाजूला ही आरडाओरड, आवाज चढवायला काही हरकत नव्हती. तरी दोघे पाणपोईच्या आडोशाला डोकं जवळ घेऊन कुजबुजतच राहिले. थॅरिकच्या हातमोज्याचा मुद्दा निघाला होता आणि तो फार नाजूक होता.

कंडक्टरनं दारात उभं राहून विचारलं, “सातारा कोण आहे का अजून?” मग पुन्हा एकदा विचारलं, आणि घंटी मारली.